उलटवलेला कोट

चर्चचे पाळकसाहेब प्रवचन सांगत नसत, गात असत. गोष्ट साध्या बोलण्यात सुरू व्हायची आणि गळा दाटून यायची वेळ आली की आपसूक सुरात शिरायची. मग सगळी मंडळी ध्रुपद उचलायची. मास्तरांचा तर त्यात जीव होता. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, शिंपी. रविवारी ऐकलेलं आठवडाभर त्यांच्या पायात असे, मशीन त्याच ठेक्यावर चाले. एकदा साहेबांनी दानावर गायलं, 'उजवा हात देई दान, डाव्या हाता नसो भान.' मंडळींनी डोळे पुसले आणि घरी जाऊन जेवण केलं. मास्तरांनी मात्र ते खरं धरलं.

त्याला कारणही घडलं होतं. चर्चच्या दारात जुन्या कपड्यांची पेटी असे. गरिबांसाठी लोक तिच्यात कपडे टाकत, आणि तिची किल्ली मास्तरांकडे होती. फाटलेलं शिवायचं, आपल्या दुकानामागच्या खोलीतून गरजवंताला द्यायचं, एवढंच काम. एका रविवारी एक धुणेवाली पेटीतला लाल स्वेटर घालून उपासनेला आली. देणारी बाई मागच्याच बाकावर बसली होती. तिने भर प्रार्थनेत पुढे वाकून स्वेटरची बाही चाचपली आणि म्हणाली, "बाई गं, माझाच की हा! बरा बसला हो तुला. जरा जपून वापर हं, लोकर महागाची आहे." धुणेवाली हसली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तेव्हापासून पेटीतला एकही कपडा मास्तरांनी आहे तसा बाहेर जाऊ दिला नाही. कॉलर बदल, बटणं बदल, झग्याचा परकर कर, परकराचा फ्रॉक कर, काहीच जमलं नाही तर रंगवून टाक. देणाऱ्याच्या नाकासमोरून गेला तरी ओळखू येता कामा नये. बायको म्हणायची, "अहो, गिऱ्हाइकाचे कपडे पडून आहेत, आणि तुम्ही धर्माच्या चिंध्या नटवत बसा!" पण काजं तीच करून द्यायची.

डॉक्टर वारले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांचा काळा गरम कोट पेटीत टाकला. टाकताना रडल्या. तो कोट मास्तरांनी वाचकभाऊंसाठी ठेवला.

वाचकभाऊ चर्चमध्ये शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत. आवाज भरदार, शिवाय चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी ते एक होते. छापखान्यात मोठ्या जागेवर आहेत असं सगळ्यांना वाटे. छापखाना केव्हाच बंद पडला होता. भाऊ मात्र रोज सकाळी डबा घेऊन निघत, कुठेतरी बागेत बसत आणि कामावरून सुटल्यासारखे वेळेवर घरी येत. मुलीचं लग्न एका चांगल्या घरी ठरलं होतं. बाप रिकामा आहे हे कळलं असतं तर ते घर दुसऱ्या दिवशी फिरलं असतं. अंगावरचा कोट कोपरांत विरला तेव्हा ते एका संध्याकाळी मागच्या दाराने आले आणि उभ्यानेच म्हणाले, "मास्तर, मेलेल्याहून मेल्यासारखं झालंय."

मास्तरांनी डॉक्टरांचा कोट पुरता उसवला. शिवणन् शिवण. मग कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा जोडला. आतली बाजू कोरी असते, ऊन लागलेली नसते. पण उलटवलेल्या कोटाची एक खोड असते: छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो आणि काजंही उलट्या अंगाला येतात. ज्याला दृष्टी आहे तो तेवढ्यावरून ओळखतो. म्हणून त्यांनी जुना खिसा आणि जुनी काजं त्याच कापडाच्या धाग्याने रफू करून बुजवली, नवी केली. बोट फिरवलं तरी कळलं नसतं. भाऊ तो घालून शास्त्र वाचायला उभे राहिले तेव्हा मास्तरांना आपल्याच हातांचं कौतुक वाटलं. त्याबद्दल त्यांनी नंतर देवाकडे क्षमाही मागितली.

आणि तिथेच सगळं फिसकटलं. कारण डॉक्टरीणबाई आपला कोट शोधत होत्या.

उपासना झाल्यावर पंचांनी मंडळींना थांबायला सांगितलं. डॉक्टरीणबाई उठून पुढे पंचांच्या बाकाशी आल्या. "मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण मी रोज रस्त्याने बघत जाते. एका भिकाऱ्याच्या अंगावर आमच्या ह्यांचा कोट असेल तर शपथ. एकदा दिसला असता तर जिवाला बरं वाटलं असतं हो."

"आमचे शर्ट कुठे गेले?" दूधवाला म्हणाला. "एकसुद्धा कुणाच्या अंगावर दिसत नाही. विरघळले काय?"

"शिंप्याने कापड मारलं नाही तर तो शिंपी कसला!" मागून कुणीतरी बोललं आणि खसखस पिकली.

मास्तर उभे होते. हसण्यात आपणही सामील व्हावं की काय, हे त्यांना कळेना.

पाळकसाहेब गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, विषय वाढवायला नको. कुणाकुणाला दिलंत, एकदोन नावं सांगा. संपलं."

"नावं नाही सांगता येणार, साहेब."

"का बरं?"

"तुम्हीच गायलात ना. डाव्या हाताला भान नसावं म्हणून."

साहेबांचा चेहरा जरासा उतरला. "अहो मास्तर, ते गाण्यात शोभतं. इथे मंडळीच्या विश्वासाचा प्रश्न आहे."

मास्तरांच्या समोर, हाताच्या अंतरावर, तो कोट बसला होता. एक बोट उचलायचा अवकाश. 'हा बघा' म्हटलं की चोरीचा डाग धुतला गेला असता, दुकान वाचलं असतं. आणि वाचकभाऊंच्या मुलीचं लग्न तिथल्या तिथे मोडलं असतं. मास्तर भाऊंकडे बघत नव्हते, मुद्दाम बघत नव्हते. मनात म्हणत होते, बाबा, तू बोल. खरं सांगू नकोस, कोण म्हणतंय खरं सांग? नुसतं म्हण, मास्तर चोर नाहीत.

डॉक्टरीणबाईंना रडू आवरेना. आधाराला त्यांनी शेजारच्या भाऊंचीच बाही धरली. "ह्यांचाही अस्साच होता हो. फक्त असा काळाभोर नव्हता, विटला होता जरा."

भाऊंनी हलकेच हात सोडवून घेतला आणि उठले. घसा साफ केला. शास्त्र वाचायचा तोच आवाज लावला. "मास्तर माझे जुने स्नेही आहेत. पण विश्वासाच्या कामात स्नेह आणू नये. मला वाटतं, मास्तरांनी किल्ली परत करावी."

बायकांच्या बाजूला मास्तरांची बायको ताडकन उभी राहिली. "अहो, सांगा की! का नरडं दाबलंय कुणी तुमचं? नाहीतर मी सांगते, ऐका सगळ्यांनी..."

"खाली बस!"

उभ्या संसारात ते तिच्यावर असे ओरडले नव्हते. ती बसली. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. चोराच्या बायकोला काय काय ठाऊक असतं, याचा पुरावा त्यांना मिळाला होता. मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली. साहेबांनी डोळे मिटून क्षमेवर एक कडवं गायलं. फार सुरेख गायलं.

गिऱ्हाइकं भांडली नाहीत. एकेक जण येई आणि "घाई नाही, पण असू दे घरी" म्हणत अर्धवट शिवलेलं कापड घेऊन जाई. पुढेपुढे मशीनवरची धूळ बायको पुसेनाशी झाली. तिकडे पेटीतले कपडे आता उपासनेनंतर पायऱ्यांवर वाटले जात, देणाऱ्याच्याच हाताने, टाळ्यांच्या गजरात. मागच्या दाराने येणारी माणसं तिथे फिरकली नाहीत. पंचांना वाटलं, गरिबी कमी झाली.

किल्ली वाचकभाऊंकडे होती. एका दुपारी ते मास्तरांकडे आले, अर्थात मागच्या दारानेच. काखेत गाठोडं होतं. सोडलं, तर आत डॉक्टरीणबाईंचा निळा रेशमी झगा.

"पोरीचं लग्न आलंय," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. "नेसवायला काही नाही. बाई लग्नाला येणार आहेत. त्यांना ओळखू येता कामा नये. हे काम तुमच्याशिवाय..."

बायको आतून बाहेर आली. "लाज कशी नाही वाटत? माझ्या नवऱ्याला भर मंडळीत चोर केलंत, आणि आता स्वतः पेटीत हात घालून इथेच आलात?"

"वहिनी, मी काय करणार होतो? माझ्या तोंडून एक शब्द गेला असता तर..."

"आणि ह्यांच्या तोंडून गेला नाही म्हणून तुम्ही इथे उभे आहात!"

मास्तरांनी झगा हातात घेतला. त्यांनी भाऊंना माफ केलं नव्हतं. रोज गुडघे टेकून ते प्रयत्न करत, शब्द तोंडात येत आणि कडू होऊन तिथेच राहत. आत्ताही या माणसाला दाराबाहेर ढकलावं असं त्यांच्या हातांना वाटत होतं. पण हातांत रेशीम होतं, आणि ते एका मुलीच्या अंगावर चढायचं होतं.

"मुलीला पाठवा," ते म्हणाले. "माप घ्यावं लागेल."

"मास्तर, देव तुमचं..."

"त्याचं नाव माझ्या दारात काढू नका. मुलीला पाठवा. तुम्ही येऊ नका."

भाऊ सुटल्यासारखे गेले.

"पोरीने काय केलंय?" मास्तर बायकोला म्हणाले. तिने विचारलंही नव्हतं.

"आणि आपण काय केलं होतं?"

मास्तरांनी कात्री उचलली. ते खाली बसले, शिवणीत कात्रीचं टोक घातलं. रेशीम निसरडं, एकट्याच्या हाताने उसवायला गेलं तर कापडच फाटतं. ती बराच वेळ दाराशी उभी राहिली, शिव्या घालत, कधी भाऊंना, कधी पंचांना, कधी नवऱ्याला. मग येऊन तिने दुसरं टोक ताणून धरलं. धरलं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.