मी कुणाचे पिल्लू नाही

मित्रांनो, मी एक जुनीजाणती सुतारपक्षीण आहे. जाणती म्हटल्यावर तुम्ही हसाल, कारण दिसायला मी जेमतेम चिमणीएवढी. पाठ काळपट, तिच्यावर पांढरे आडवे पट्टे आणि डोके मातकट तपकिरी. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यामागे एक बारीक लाल रेघ होती. वाऱ्याने पिसे हलली तरच ती दिसायची. तेवढाच काय तो त्याचा थाट!

आमच्यात सुखाने मेलेले कुणी मी पाहिलेले नाही. मी अंड्यातून बाहेर पडले त्याच आठवड्यात सापाने माझी भावंडे गिळली. मला गिळायला त्याच्या पोटात जागा उरली नाही, म्हणून मी वाचले. माझी पहिली अंडी खारीने फोडून खाल्ली. नवऱ्याला तर शिकारी शिक्र्याने माझ्या डोळ्यांदेखत उचलले. त्याची पिसे भिरभिरत खाली आली, पण मला रडायची फुरसत नव्हती. ढोलीत दोन पिल्ले चोची वासून बसली होती.

ही ढोली होती एका बेकरीच्या मागच्या आवारात. तिथे मैद्याची पोती, पावांचे रिकामे ट्रे, भट्टीच्या सरपणाचा ढीग आणि एक थोराड झाड होते. झाडाच्या बुंध्यात मोठ्या सुतारपक्ष्याचे बिऱ्हाड. सोनेरी पाठ, लाल तुरा आणि स्वभावाने नवराबायको दोघेही भांडकुदळ. त्यांची ठकठक भट्टीपर्यंत ऐकू जाई. आम्ही छोटे सुतार वाळक्या, बारीक फांद्यांवर हळू टकटक करतो. फांदीच्या खालच्या अंगाला ढोली कोरतो, म्हणजे पाऊस आत येत नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र आमचे दार दिसत नाही.

बेकरीवाल्याला एक धाकटी बहीण होती. सगळे तिला दुर्बीणवाली म्हणत. मागच्या पायरीवर बसून ती तासन् तास मोठ्या सुताराकडे बघे. मी मध्ये आले की म्हणे, “दादा, त्याचं पिल्लू बघ, किती गोड! अजून रंग चढायचाय त्याला.”

मी लेकुरवाळी बाई आणि ही मला पिल्लू म्हणते! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दुपारी सरपण कमी पडले. बेकरीवाला कुऱ्हाड घेऊन शिडीवर चढला. त्याच झाडावरची माझी फांदी वाळकी, कुणाच्याही डोक्यात पडेल अशी. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी त्याच्या तोंडावर झेप घेतली, तर “हाड!” म्हणून त्याने मला हाताने उडवले. घाव पडत राहिले. फांदी कोसळली ती ढोलीच्याच बाजूवर. एक पिल्लू तिच्याखाली चिरडले. दुसरे बाहेर फेकले गेले आणि धडपडत उभे राहिले.

दुर्बीणवाली धावत आली. “अगं बाई, मोठ्या सुताराचं पिल्लू पडलं! दादा, शिडी धर. आईजवळ ठेवते त्याला.”

मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. तिने माझे बाळ ओंजळीत धरले, अलगद वर नेले आणि बुंध्यातल्या ढोलीत सोडले. हात हलका होता तिचा. म्हणून तर मला आजही तिचा धड राग करता येत नाही.

मोठी सुतारीण परतली. आत परके पोर दिसताच तिने पहिली चोच डोळ्यात मारली, दुसरी मानेत. मग पंखाला धरून त्याला बाहेर भिरकावले. पिल्लू मैद्याच्या पोत्यावर आपटले आणि पोते लाल झाले.

“आईच मारतेय पोराला!” दुर्बीणवाली किंचाळली.

मी पोत्यावर उतरले, अगदी तिच्या हाताशी. जाता जाता सालीतून ओढलेली अळी माझ्या चोचीत होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“दादा, हिच्या चोचीत अळी आहे. पिल्लू कुणासाठी अळी आणेल? ही आई आहे रे. ही जातच एवढीशी आहे.”

“मग ते वरचं?”

“ते वेगळंच. मी ह्याला वैऱ्याच्या घरात नेऊन ठेवलं.”

ती मागे सरली. मी अळी भरवली, पिल्लाने ती गिळली. माझा जीव भांड्यात पडला. मी उडत जाऊन दुसरी आणली. ती त्याच्या चोचीत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला झाडावर उरलेली दुसरी वाळकी फांदी तोडायला निघाला. दुर्बीणवाली शिडीला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला हो. एका पाखरापायी भट्टी बंद ठेवू का?”

“लाकडं बाहेरून आण. ह्या फांदीला हात लावलास तर बघ.”

बेकरीवाला पुटपुटत आत गेला. त्याच फांदीत मी आता नवी ढोली कोरते आहे.

मित्रांनो, वाळकी फांदी तोडण्याआधी तिच्याखाली उभे राहून एकदा वर बघा. पडलेले पिल्लू उचलण्याआधी जरा थांबा, त्याच्यासाठी कोण ओरडते आहे ते ऐका. आणि मी दिसले तर मला कुणाच्या घरट्यात नेऊन ठेवू नका. मी याहून मोठी होणार नाही. माझी वाढ पूर्ण झालेली आहे.