खाट नंबर सहा, सकाळची नोंद

मी एक नोंदवही. आळेफाट्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डाच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. नारायणगावच्या दुकानातून आले तेव्हा माझी दोनशे पानं कोरी होती आणि पुठ्ठ्याला डिंकाचा वास होता. ड्युटी संपवणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरसाठी माझ्यात लिहून ठेवायचं: कोणत्या खाटेवर कोण, काय दिलं, किती वाजता दिलं, काय राहिलं. बारा खाटा माझ्या भरवशावर होत्या.

सगळ्यात जास्त लिहिलं ते कौसर सिस्टरने. जुन्नरची, चाळिशीतली, वीस वर्षं याच कामात. शिकत असताना तिच्या मॅडमनी तिची वही तीनदा परत केली होती, हे ती नव्या मुलींना हसून सांगायची. चूक एवढीच की तिने ‘पेशंट बरी आहे’ असं लिहिलं होतं. बरी म्हणजे काय? जेवली का, ताप किती, लघवी झाली का, ते लिही. तेव्हापासून कौसरने मोघम शब्द लिहिला नाही. तिच्या ओळी वाचून नवखी मुलगीसुद्धा वॉर्ड सांभाळू शकत होती.

दिवाळीनंतर एक सिस्टर नोकरी सोडून पुण्याला गेली, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. कौसरला दुपार आणि रात्र एकत्र लागू लागली. दुपारी दोनला यायचं, सकाळी आठला जायचं, अठरा तास. एक दिवस घरी, आणि पुन्हा तेच. घरी दिवसा झोप लागत नाही, म्हणायची. पाय सुजले म्हणून तिने चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात नेला. बोलता बोलता मानेमागे हात दाबून धरायची. दिवसातून चारदा ती बारा जणींचा बीपी घेऊन नोंदवत होती. स्वतःचा कधी घेतला नाही.

तिची दमणूक मला सगळ्यांच्या आधी कळली, कारण ती पेन टेकवायची माझ्यावर. अक्षर खाली घसरू लागलं. वेळेचा आकडा दोनदा गिरवला जाऊ लागला. एकदा ओळीच्या मध्येच पेन थांबलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. ती उभ्या उभ्या झोपली होती.

मग ती सोमवारची सकाळ आली. सहा नंबरच्या खाटेवर पेठ गावच्या लंकाबाई होत्या, साठीच्या, पायाच्या जखमेसाठी आलेल्या, साखरेचा जुना आजार. साडेसातला कौसरने त्यांच्या बोटाचं रक्त तपासलं, इन्सुलिन टोचलं आणि माझ्याकडे आली. लिहिलं: ‘खाट सहा. शुगर २१०. इन्सुलिन’. तेवढ्यात नऊ नंबरच्या बाईला उलटी झाली. कौसर धावली. परत आली ती थेट सातव्या खाटेच्या ओळीवर. ‘इन्सुलिन’ या शब्दापुढे जागा कोरीच राहिली.

आठला टीना आली. दोन महिन्यांपूर्वी लागलेली, ओतूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. जुन्नरची जीप फाटकाशी हॉर्न देत होती.

“सगळं लिहिलंय, बघून घे,” कौसर म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

टीनाने मला वाचलं. तिला वाटलं, द्यायचं राहिलंय. खात्रीसाठी तिने लंकाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “एक सुई टोचली व्हती बाई, रगताची का कशाची मला न्हाई म्हाईत.” टीनाने कौसरला फोन लावला. जीपमध्ये बसताच कौसरचा डोळा लागला होता. फोन वाजत राहिला. पलीकडे नाश्त्याची गाडी आली होती, आणि इन्सुलिन खाण्याआधी द्यायचं असतं. टीनाने सुई भरली.

मी उघडी पडून होते तिच्यासमोर. कागदाला तोंड नसतं.

दहाच्या सुमारास लंकाबाईंना दरदरून घाम सुटला. उपमा तसाच ताटात. त्या असंबद्ध बोलू लागल्या, मग झटका आला, जीभ चावली गेली. टीनाने साखर तपासली, फक्त बत्तीस; दुसऱ्या सुईने ती पार खाली आणली होती. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज गेलं. लंकाबाईंनी डोळे उघडायला पाऊण तास घेतला. त्या पाऊण तासात टीना त्यांचा हात धरून उभी होती.

दुपारी कौसरला बोलावून घेतलं. मॅनेजर रामनाथ साहेबांनी केबिनचं दार लावलं आणि मला तिच्यापुढे उघडलं. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “जागा आहे तिथं. ‘दिलं, साडेसात’ एवढं लिहा. तुमच्यावर काही येणार नाही.”

“आणि टीनावर?”

“नवी आहे. वाचताना चुकली, म्हणू.”

कौसरने मानेमागे हात दाबून धरला. तिने टीनाला हाक मारून बीपीचं यंत्र मागवलं आणि स्वतःचा दंड पुढे केला. टीनाने आकडा सांगितला आणि रडू लागली. मग कौसरने पेन घेतलं. कोऱ्या जागेला तिने हात लावला नाही. पानाच्या तळाशी, जुन्या दिवसांसारख्या नीट अक्षरात लिहिलं:

‘ही नोंद दुपारी दोन वाजता करत आहे. खाट सहा यांना इन्सुलिन मी साडेसातला दिलं, लिहायचं माझ्याकडून राहिलं. टीना सिस्टरने नोंदीप्रमाणे काम केलं. माझी ड्युटी सलग अठरा तास होती, सात दिवसांत तिसऱ्यांदा. आत्ता माझा बीपी १८०/११०.’

खाली सही केली. साहेबांनी हात पुढे केला, पण ती मला घेऊन सरळ सहा नंबरकडे गेली. लंकाबाई आणि त्यांचा मुलगा गोकुळ यांना तिने ती नोंद वाचून दाखवली. गोकुळ उठून उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. लंकाबाईंनी त्याला बस म्हणून खूण केली. सुजलेल्या जिभेने त्यांनी कौसरला विचारलं, “तुमी झोपला कवा व्हता, बाई?”

कौसरने मला मिटलं आणि ती खाटेच्या कडेवर टेकली.

त्याच दिवशी तिला घरी पाठवलं, बोलावू तेव्हा या म्हणून. अजून बोलावलेलं नाही. तिचा नवरा अजीज तिचा पगार विचारायला आला होता. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, डॉक्टरांनी रात्रपाळी बंद सांगितली, एवढंच बोलून गेला.

मी आता साहेबांच्या काचेच्या कपाटात कुलुपात आहे. ते पान अजून फाडलेलं नाही, कारण गोकुळने त्याचा फोटो काढून नेला आहे. वॉर्डात नवी वही आली. रोज सकाळी ती सहीसाठी साहेबांच्या टेबलावर उघडते आणि मला काचेतून दिसते. दुपार आणि रात्र, दोन्हीखाली आता एकच नाव असतं, टीनाचं. सुरुवातीला तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. या आठवड्यात ते खाली घसरू लागलंय. साहेब पान न वाचताच सही करतात.

तुमचं कुणी त्या वॉर्डात असेल तर आजच जा. टीनाला म्हणावं, पाच मिनिटं बस. आणि बसल्यावर तिच्याकडून ती वही एकदा मोठ्याने वाचून घ्या; एखादी ओळ अर्धी राहिली असेल, तर ती तिथेच सापडेल.