नारळानं दिलेली श्रेणी

बाभूळखेड्याच्या कॉलेजच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मिरजगावचा बाजार अर्धवट टाकून माणसं आली होती. पोरं कंपाउंडच्या भिंतीवर, प्राध्यापक खुर्च्यांवर आणि बायका डोक्यावर पदर घेऊन कडेला, कारण देव कधी कुठून प्रकटेल सांगता येत नाही. मधोमध प्राचार्यांच्या केबिनच्या दारात गुणेश्वरानंद उभे होते. अंगात सफारी, खांद्यावर भगवं उपरणं, गळ्यात रुद्राक्षांच्या माळेसोबत ओळखपत्र आणि तळहातावर आडवा ठेवलेला सोललेला नारळ.

"ओम् गुणवत्तायै नमः! व्हिजन, मिशन, सबमिशन! ऊठ रे श्रीफळा, सांग श्रेणी!"

नारळ थरथरला, एका बाजूनं हळूहळू वर आला आणि तळहातावर ताठ उभा राहिला.

"अ अधिक अधिक!" गुणेश्वरानंद गरजले. टाळ्या पडल्या. झाडलोट करणाऱ्या छबूबाईंनी केबिनच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत बसायचे ते प्राचार्य बिभीषण सर स्वतःच्या केबिनकडे असे बघू लागले, जणू पोरगं कलेक्टर झालंय.

गुणेश्वरानंद म्हणजे विद्यास्पंदन मूल्यांकन परिषदेचे संस्थापक, अध्यक्ष, सचिव आणि पावती फाडणारे कारकून. मुख्य कार्यालय नगरच्या सावेडीत, ब्यूटी पार्लरच्या वर. कॉलेज चांगलं की वाईट हे सांगायला त्यांना वर्गात जावं लागत नसे. पाणाडी नारळ धरून जमिनीतलं पाणी दाखवतो, तसे ते जमिनीतलं शिक्षण दाखवत. आमच्या भागात या विद्येवर भारी श्रद्धा. बोअर कोरडी गेली तरी शिव्या बोअरवाल्याला, पाणाडी नामानिराळा. शिवाय खरी तपासणी यायची म्हटलं की महिना महिना कागद लिहा, पोरांचे निकाल दाखवा. इथे एका नारळात काम. संस्थाचालक खूश होते.

वरात ग्रंथालयापाशी गेली. नारळ अर्धवट उठला. "ब!" मग विज्ञान प्रयोगशाळा. मंत्र झाला, थरथर झाली, पण नारळ जागचा हलेना.

"मृत स्पंदनं!" गुणेश्वरानंदांनी उपरण्यानं नाक झाकलं. "ही शाखा कॉलेजचं सगळं तेज शोषून घेतेय. येत्या जूनपासून बंद करा, नाहीतर आहे ती श्रेणीही जाईल."

बिभीषण सरांनी लगेच खिशातून पेन काढलं.

प्रयोगशाळेच्या दारात हातात फडकं घेऊन मनकर्णा उभी होती. पंधरा हंगाम ऊस तोडून ती इथे परिचर म्हणून लागली होती. तिची पोरगी सुकन्या याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शाखा बंद झाली तर तिला नगरला ठेवणं मनकर्णाला झेपणारं नव्हतं, आणि जाऊबाईंनी आणलेलं ऊसतोडीच्या टोळीतलं स्थळ तर दारात टपूनच होतं. म्हणजे पोरीच्याही हातात कोयता. मनकर्णाला संताप आला.

"म्हाराज, येक इचारू का?"

"विचार, बाळ," तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले गुणेश्वरानंद म्हणाले.

"तुमी समद्यांची तपासणी करता. तुमची कोन करतं?"

"आमची आम्हीच. दर दिवाळीला आरशासमोर नारळ धरतो. आजवर एकदाही आडवा राहिला नाही."

"भायेरचं कोनी बघत न्हाई व्हय?"

"बघतात की! आमचे मेहुणे. ते श्रीगोंद्याला असतात."

"आन तुमचा निकाल कुनाला पटला न्हाई तर?"

"तक्रार निवारण समितीकडे जावं."

"समितीत कोन हाय?"

गुणेश्वरानंदांनी गंभीरपणे नारळाकडे बोट दाखवलं. भिंतीवरची पोरं फिदीफिदी हसली.

"मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?" बिभीषण सर कावले.

"यातलं न्हाई सर, मला काट्यातलं कळतं. उसाच्या वजनाचा संशय आला की आमी भांडत न्हाई बसत. तीच गाडी फिरवून पुन्ना काट्यावर घालतो. ऊस तोच आन वजन निराळं, तर काटा खोटा. म्हाराजांनी ह्येच पुन्ना मोजावं. पर कुठं उभं हाय ते त्यांना कळाया नको."

"खुशाल!" गुणेश्वरानंद छाती काढून म्हणाले. "नारळाला डोळे कुठे लागतात? बांधा आमचे डोळे!" बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर मनकर्णानं फडक्याची गाठ मारलीही होती.

तिनं त्यांना झेंड्याच्या खांबाभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या. तेवढ्यात गर्दीतून पुढे येऊन सुकन्यानं केबिनमधली चंदनाची उदबत्ती आणि टेबलफॅन उचलून प्रयोगशाळेत नेला आणि प्रयोगशाळेतली अमोनियाची बाटली केबिनमध्ये नेऊन तिचं बूच काढलं. मायलेकींना बोलावंच लागलं नाही.

आधी प्रयोगशाळा. गार वारा लागला, चंदनाचा वास आला. गुणेश्वरानंदांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अहाहा! काय हे नेतृत्व! काय हे प्रशासन!" नारळ ताडकन उभा. "अ अधिक अधिक!"

बायकांनी तोंडात पदर कोंबले.

मग केबिन. गुणेश्वरानंदांना तीन शिंका आल्या. नारळ आडवाच. "तेच मृत स्थान! आजच कुलूप लावा! आणि इथे रोज बसणारा जो कोणी असेल, त्यालाही हाकला!"

बिभीषण सरांनी पेन खिशात ठेवलं.

फडकं सुटलं आणि समोर प्राचार्यांच्या नावाची पाटी दिसली. "राहूमुळे स्पंदनं सरकली..." असं काहीतरी ते पुटपुटले, पण हशात कोणाला ऐकू गेलं नाही. सुकन्यानं नारळ स्वतःच्या तळहातावर घेतला.

"बघा. आत पाणी खेळायला जागा असते. नारळ बोटांच्या मुळाशी तोलून ठेवायचा आणि बोटांची टोकं केसभर खाली करायची. पाणी तिकडे धावतं, तोल जातो, नारळ उठतो. बोटं सरळ ठेवली की झोपतो. यात मंत्र नाही, मनगट आहे."

नारळ उठला. मग जो तो करून बघू लागला. छबूबाईंचा चौथ्या खेपेला उभा राहिला. "अगं बया! म्या बी अध्यक्ष झाले!"

या गडबडीत गुणेश्वरानंदांची गाडी निघून गेली, बहुधा मेहुण्यांकडे. बिभीषण सरांनी खालमानेनं सांगितलं, विज्ञान शाखा चालू राहील. मनकर्णा दाराच्या चौकटीला टेकली आणि सगळ्यांसमोर रडली.

मंडळी, कॉलेजची तपासणी व्हायलाच हवी. वर्गात मास्तर येतो का, प्रयोगशाळेत प्रयोग होतो का, हे बाहेरच्या माणसानं येऊन बघायलाच हवं. पण त्या बघणाऱ्यालाही कोणी तरी बघितलं पाहिजे, आणि तो त्याचा मेहुणा नसावा. निकाल कसा काढला हे त्यानं सांगावं, तीच तपासणी दुसऱ्याला करू द्यावी आणि चुकलं तर चारचौघांत चुकलो म्हणावं. एवढ्या साध्या मागणीचा ज्याला राग येतो, त्याच्या हातात नारळ असो की सरकारी शिक्का, त्याच्या शब्दावर कोणाच्याही पोरीचं शिक्षण बंद करू नका.