दादांची एक किलो साखर

सॅब्रिना डिमेलोने मुंबईहून बाहरीनला परतताना बॅगेत पाच किलो मॉल्ट आणलं होतं. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला घरीच बीअर करायची, असं तिने ठरवलं होतं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती, मोजमापात तिचा हात बसलेला होता. तरी याआधी केलेली पहिल्या खेपेची बीअर पातळ झाली होती. आंबवण्याआधी रसात साखर किती विरघळली आहे ते सांगणारा आकडा १.०५० यायला हवा होता, तो १.०४१ वरच अडला होता. त्या वेळी ह्युबर्टने चार पाहुण्यांसमोर ग्लास उजेडात धरून म्हटलं होतं, "जव धुतलेलं पाणी आहे. लॅबमध्ये तपासायला पाठवा."

ह्युबर्ट तिचा मोठा दीर. हॉटेलच्या बारमध्ये तो सुपरवायझर होता. बुसैतीनमधला, ते तिघं राहत होते तो फ्लॅट त्याच्या नावावर, आणि तिच्या नवऱ्याला, क्रेगला, बाहरीनला आणणाराही तोच. महिन्यातून चारदा तरी तो हे ऐकवायचा.

ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी सॅब्रिना सकाळपासून गॅसपाशी उभी होती. या वेळी तिने मॉल्ट मिक्सरमध्ये थांबून थांबून बारीक भरडलं, तासभर गरम पाण्यात भिजवलं, गोड रस गाळून घेतला आणि बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांबरोबर उकळला. बरोबर वीस लिटर उरला. गॅस बंद करून तिने त्यातला ग्लासभर रस नमुना म्हणून फ्रीझरमध्ये गार करत ठेवला. पातेलं गार करायचं तर बर्फच हवा होता. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने नळाखाली हात भाजत होता.

"मी खालच्या कोल्ड स्टोअरमधून, त्या किराणावाल्याकडून, बर्फ आणते," ती क्रेगला म्हणाली. "पातेल्याला कुणी हात लावायचा नाही."

क्रेगने मोबाईलमधून मान वर न करता "हं" केलं.

दुकानात गर्दी होती, पाऊण तासाने ती बर्फाच्या पिशव्या घेऊन वर आली. आधी तिने फ्रीझरमधला नमुना काढला, त्यात तो आकडा दाखवणारा हायड्रोमीटर सोडला आणि वाकून पाहिलं. काचेची नळी डोलत डोलत स्थिर झाली. १.०५०. तिने पुन्हा पाहिलं. तेवढाच.

मग तिचं लक्ष ओट्यावर गेलं. साखरेचं किलोचं पाकीट रिकामं पडलं होतं.

"मीच टाकली," ह्युबर्ट दारातून म्हणाला. "तुझ्या त्या दुसऱ्या हायड्रोमीटरने बघितलं. टेन थर्टी, म्हणजे १.०३०! म्हटलं, वाचवावी बिचारीची अब्रू."

"दादा, तुम्ही गरम रस मोजलात?"

"मग काय झालं?"

"गरम रसात आकडा कमी दिसतो. गार करूनच मोजायचं असतं. माझा टेन फिफ्टी बरोबर आला होता."

"तू मला शिकवू नकोस. बावीस वर्षं बारमध्ये काढलीत मी."

"बाटल्या उघडण्यात काढलीत."

ह्युबर्टचा चेहरा ताठरला. "माझ्या घरात उभं राहून मला बोलतेस?"

क्रेग मध्ये आला. "जाऊ दे ना. जरा स्ट्राँग होईल, एवढंच."

सॅब्रिनाने पातेल्यातून ग्लासभर रस काढला. नवा नमुना गार केला. १.०६९. तिने कागदावर हिशेब मांडला, साडेपाच लिटर रस बाहेर काढला आणि तेवढंच पिण्याचं पाणी बाटल्यांतून आत ओतलं. पुन्हा मोजलं तर १.०५०. आकडा जागेवर आला होता, पण त्यात आता जवाचा वाटा कमी झाला होता आणि बाजारच्या साखरेची भर पडली होती. हे तिला तोंडात थेंब न घालताही कळत होतं.

काढलेला रस तिने ह्युबर्टच्या देखत, तांब्या तांब्याने, सिंकमध्ये ओतला. शेवटचा तांब्या रिकामा होईपर्यंत तो दारातून हलला नाही.

महिन्याने वाढदिवसाला बीअर प्यायली गेली. पाहुणे खूश होते. ह्युबर्ट ग्लास उंचावून म्हणाला, "माझ्यामुळे वाचली हं ही. हिचं तर पुन्हा पाणीच झालं होतं."

"खोटं आहे," सॅब्रिना म्हणाली. "दादांनी चांगल्या रसात किलोभर साखर टाकली. मी ते निस्तरलं, म्हणून तुम्ही आज हे पिताय."

"कोण म्हणतं? पुरावा काय?"

"मी म्हणतो," क्रेग म्हणाला. "दादा, तू पाकीट फोडलंस तेव्हा मी ओट्यापाशीच होतो."

ह्युबर्टने ग्लास टेबलावर आपटला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाहुण्यांतल्या एका बाईने सॅब्रिनाचा हात दाबला. तिला तो जाणवलाही नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"ओट्यापाशी होतास?" तिने विचारलं. "आणि बघत राहिलास?"

क्रेग टेबलावरचे रिकामे ग्लास गोळा करू लागला.

पुढच्या महिन्यात दोघं शहराच्या दुसऱ्या भागात, जिदहफ्सला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली. ह्युबर्ट निरोप द्यायला खाली उतरला नाही. नव्या घरात क्रेगने पहिल्याच दिवशी मोठं पातेलं घासूनपुसून ओट्यावर ठेवलं. सॅब्रिनाने ते उचललं आणि माळ्यावर टाकलं.