सूचक म्हणून कलाबाईंचे नाव

१९९८ सालच्या मार्गशीर्षातली सकाळ. नाशिकच्या वेशीवरच्या मळ्यात कलाबाई मौले मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आदल्या वर्षी प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा यादवरावांच्या ऐवजी भिंतींवर त्यांच्या पत्नीचा, कलाबाईंचा फोटो लागला आणि त्या निवडूनही आल्या. पण ओसरीवरच्या कार्यालयात खुर्ची यादवरावांची, फोन यादवरावांचा. कलाबाईंची सहीसुद्धा तेच ठोकत. महिन्याकाठी चांगली साडी नेसून महासभेत बसायचे, शेजारच्यांचे हात वर गेले की आपलाही करायचा, एवढेच कलाबाईंचे नगरसेवकपण. गावाला यात काही वावगे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर कलाबाईंनाही नाही.

त्या दिवशी मागच्या दाराने भिमाबाई आली. शेजारच्या बौद्धवस्तीतली ही बाई त्यांच्या मळ्यात खुरपणीला येई. एरवी तोंडाचा पट्टा चालायचा; आज ती उंबऱ्याशीच टेकली.

"पिंकी कशी हाय?" कलाबाईंनी विचारले. पिंकी ही भिमाबाईची सून. दिवस भरले होते.

"पिंकी वाचली. पोरगं गेलं." भिमाबाईचा आवाज कोरडा होता. "रिक्षातच मोकळी झाली. सिव्हिलला पोचेस्तोवर गार पडलं व्हतं."

कलाबाईंच्या हातातली जुडी सुटली.

"ताई, वस्तीमागची ती जागा बाळंतपणाच्या दवाखान्याची हाय ना? मतं मागाया आल्या तवा तुमीच बोलल्या व्हत्या. काल तिथं बिल्डरची माणसं खुंट्या ठोकून गेली."

बोलल्या होत्या खऱ्या. यादवरावांनी पाठ करून घेतलेले ते वाक्य त्यांनी दारोदार म्हटले होते. त्या हात पुसत ओसरीवर गेल्या.

"अहो, दवाखान्याच्या जागेत खुंट्या कशापायी ठोकल्यात?"

यादवराव केस विंचरत होते. "तुला काय करायच्यात खुंट्या? सभेचा टाइम झाला. आवर."

"भिमाबाईचं नातवंड गेलं."

"वाईट झालं," ते म्हणाले आणि कंगवा खिशात टाकला. "साडी बदल. हात वर करायचा, बाकी मी बघतो."

कलाबाई आत आल्या. भिमाबाई अजून तिथेच होती. "सभा बघाया मिळती का हो?" तिने विचारले. कलाबाईंना नाही म्हणवेना. "मिळती. वरच्या गॅलरीत बस," त्या म्हणाल्या. भिमाबाई शहर बसने निघाली, कलाबाई नवऱ्याच्या जीपमधून.

सभागृहात विषय भराभर मंजूर होत होते. पथदीप मंजूर. गटारी मंजूर. कुणी चहा घेत होते, कुणी पेंगत होते. मग नगरसचिवांनी पुढचा विषय वाचला, "प्रसूतिगृहाचे आरक्षण वगळून सदर जागा निवासी विभागात समाविष्ट करणे. सूचक, सौ. कलाबाई यादव मौले."

असे काही सुचवल्याचे कलाबाईंना ठाऊकच नव्हते. त्यांनी वर पाहिले. गॅलरीच्या एका टोकाला यादवराव तळवा वर करून खुणावत होते. दुसऱ्या टोकाला भिमाबाई कठड्याला धरून उभी होती. त्या सरकारी मराठीतले दोनच शब्द तिला कळले होते, प्रसूतिगृह आणि कलाबाई. ती हात जोडून हसली.

ते हसू कलाबाईंना सोसवले नाही. त्या उठल्या. बोलू लागल्या, पण आवाज पोचेना. शेजारी बसलेल्या नगरसेविका मंगलाबाईंनी हळूच माइकचे बटण दाबले.

"हे मी सुचवलं नाय."

पुढच्या बाकावरचा एक सदस्य हसत मागे वळला. "वहिनी, बसा. यादवरावांशी बोलणं झालंय."

"यादवराव निवडून आल्यात का?" कलाबाई म्हणाल्या. टेबल घट्ट धरून त्या बोलत राहिल्या. "सही माझी नाय. माझा विरोध हाय. तिथं दवाखानाच पायजे. आमच्या वस्तीतलं लेकरू रिक्षात गेलं, तुमी त्या जागेत फ्लॅट काय बांधताय?"

एकदम गलका झाला. कुणी ओरडले, कुणी बाके वाजवली. सूचकाचाच विरोध असल्याने विषय तहकूब करीत असल्याचे महापौरांनी जाहीर केले. तहकूब म्हणजे रद्द नव्हे. तो पुन्हा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

सभा संपताच यादवरावांनी जिन्यात बायकोचा दंड धरला. "चारचौघांत इज्जत घालवलीस. आत्ताच्या आत्ता राजीनामा दे."

दंड दुखत होता. घरी काय वाढून ठेवले आहे, याची भीती होती. तरी कलाबाई म्हणाल्या, "घरी येते. राजीनामा नाय देत." त्यांनी हात सोडवून घेतला. यादवराव पाय आपटत खाली गेले.

मंगलाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, माझ्याबी सह्या आमचे मालकच करत्यात. माझ्या नावानं काय काय मंजूर झालं आसंल?"

स्वतःच्या नावाने काय काय झाले, हेही कलाबाईंना माहीत नव्हते. "चला, इचारू," त्या म्हणाल्या.

खाली जीपचा हॉर्न वाजत राहिला. दोघी नगरसचिवांच्या दालनाशी गेल्या. दारातल्या शिपायाने त्यांच्या मागे वाकून पाहिले. "मॅडम, साहेब कुठं आहेत?"

"साहेब नाय," कलाबाई म्हणाल्या. "नगरसेविका आल्यात. दार उघडा."