आर्विडच्या घरातला समुद्र

“टाकीतलं पाणी जराही गार पडलेलं नाही,” बूट काढता काढताच आर्विडने मला सांगितलं.

“माशांची खुशाली नंतर सांग. आधी दार लाव, घरातली ऊब चाललीय सगळी,” मी म्हणाले.

आदल्या संध्याकाळपासून आकाशातून नुसता बर्फाळ पाऊस पडत होता. जिथे पडेल तिथे गोठत होता. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या होत्या आणि वजनाने मोडून तारांवर पडत होत्या. अख्ख्या गावाची वीज गेली होती. माझ्याकडे लाकडाची शेगडी, त्यामुळे मला फरक पडत नव्हता. तरी आर्विड सकाळी फावडं आणि जाड्या मिठाची बादली घेऊन आलाच आणि माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ त्याने खरवडून काढला. माझा नवरा गेल्यापासून दर हिवाळ्यात तो हे करतो. मी त्याला कधी बोलावत नाही आणि तोही कधी विचारत नाही.

मी शेगडीवरची कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव कापला. तो टेबलाशी बसला आणि पुन्हा टाकीवर घसरला.

“पंप चालू, दोन्ही हीटर चालू. दिवेसुद्धा दिले थोडा वेळ. पोवळ्यांना उजेड लागतो.”

“म्हणजे गावात काळोख आणि तुझ्या माशांकडे रोषणाई. बायकोला कधी एवढं जपलं होतंस का रे?”

“इर्माला हीटर लागत नव्हता,” तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. इर्मा असती तर सगळ्यात मोठ्याने तीच हसली असती.

आर्विड कोस्केला आयुष्यभर गावच्या शाळेत बॉयलर सांभाळायचा. मी त्याच तळघरात पलीकडच्या बाजूला, शाळेच्या स्वयंपाकघरात. समुद्र आमच्यापासून इतका लांब की गावातल्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेलाही नाही. आमच्याकडे आहे ते तळं, मोठं, थंड आणि गोड्या पाण्याचं. आणि या माणसाने बैठकीच्या खोलीत सोफ्याएवढी काचेची टाकी उभारून तिच्यात समुद्र भरला. घराच्या तळघरात निळ्या पिंपात मीठ कालवायचं आणि बादल्या वर न्यायच्या. पहिले दोन नारिंगी मासे आणले तेव्हा त्याची मुलगी सिग्ने शाळेत होती. ते दोघं अजून जिवंत होते, म्हातारे आणि खाष्ट. टाकीत हात घातला की चावायचे.

त्या टाकीवर काय काय संकटं येऊ शकतात याचा आर्विडने जितका विचार केला होता तितका स्वतःच्या म्हातारपणाचाही केला नव्हता. एक मोठा हीटर लावायचा नाही, दोन छोटे लावायचे. एक चालू अवस्थेत अडकला तरी मासे शिजायला नकोत. वायर प्लगकडे नेताना आधी खाली लोंबू द्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच ठिबकतं, प्लगात शिरत नाही. वीज गेली की आपोआप सुरू होणारा सेलवरचा छोटा पंप. टाकीखाली जमिनीवर पाणी सांडलं तर किंचाळणारा अलार्म. हे सगळं मला पाठ होतं, कारण सिग्ने बाहेरगावी शिकायला होती तेव्हा दर सुट्टीला तो तिच्याकडे जायचा आणि टाकी माझ्या गळ्यात पडायची. मी कुरकुरत जायचे आणि त्या नारिंगी म्हातारीशी गप्पा मारून यायचे.

“सिग्नेचं काय? तिच्याकडे वीज आहे?” मी विचारलं. सिग्ने गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहते, दातांच्या डॉक्टरकडे काम करते.

“कुठली? काल संध्याकाळीच बोलावून घेतली मी तिला. टाकीजवळच्या सोफ्यावर झोपलीय. ती खोली छान गरम आहे.”

“अजून झोपलीय? दिवस किती वर आलाय.”

“उठली होती मघाशी. डोकं ठणकतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली. मी म्हटलं, पड अजून थोडी. माझंही डोकं सकाळपासून जरा…”

हातातला पावाचा तुकडा त्याने बशीत परत ठेवला. मला वाटलं, लोणी कमी पडलं.

रस्त्यापलीकडे, त्याच्या घराला लागूनच असलेल्या गॅरेजमधून जनरेटरची घरघर ऐकू येत होती. सकाळपासून ती चालूच होती, पण एखादा आवाज सतत चालू असला की तो कानाला जाणवेनासा होतो.

“लेम्पी,” तो म्हणाला, “डोकं दुखतंय म्हणाली ती.”

“मग गोळी दे की,” मी म्हणाले, आणि मग त्याचा चेहरा पाहिला.

शाळेत असताना यानेच मला कितीदा तरी बजावलं होतं. बॉयलर चालू असताना डोकं दुखायला लागलं, पोटात ढवळलं, तर गोळी शोधत बसू नकोस, भांडी तशीच टाक आणि बाहेर पळ. धुरातल्या त्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, रंग नसतो, वास नसतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक नव्या बाईला तो हे ऐकवायचा, इतक्या वेळा की त्या त्याची नक्कल करायच्या.

तो बूट न घालताच धावला. गोठलेल्या रस्त्यावर पायमोज्यांनी. मध्यावर आपटला, उठला, पुन्हा आपटला आणि उरलेलं अंतर जवळजवळ रांगतच गेला. मी फोन उचलून ड्वेनला लावला. ड्वेन एरवी शाळेची बस चालवतो, पण गावात कुठे आग लागली की तोच बंब घेऊन धावतो. मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तो म्हणाला, “मावशी, तू आत जाऊ नकोस.” मी फोन टाकला आणि गेले.

गॅरेजचं दार तोवर जमिनीपासून जेमतेम वीतभर उघडं होतं. नंतर कळलं की जनरेटर आत लावताना त्याने ते अर्धं वर ठेवलं होतं. बाहेर अंगणातच ठेवायचा तो, नेहमी तसाच ठेवायचा. पण या पावसात यंत्र भिजलं तर बंद पडेल, आणि ते बंद पडलं तर टाकीतलं पाणी गार होईल. मग वाऱ्याने पाऊस आत यायला लागला तसं ते दार त्याने खाली खाली ओढलं.

मी पोहोचले तेव्हा त्याने दार वर लोटून जनरेटर बंद केला होता आणि तो आत शिरला होता. घरात शिरताना मी श्वास धरला. खोली खरंच छान गरम होती. टाकीभोवती इर्माच्या गोधड्या गुंडाळलेल्या, फक्त पुढची काच उघडी. वीज तुटल्यामुळे मोठे पंप गप्प झाले होते, आणि मी बघतेय तोवर तो सेलवरचा छोटा पंप आपोआप सुरू झाला. बुडबुडे वर यायला लागले. त्याने योजल्याप्रमाणे सगळं चोख चाललं होतं. मासे मजेत फिरत होते.

सिग्ने सोफ्यावर होती. मी देवाची शपथ घेऊन सांगते, मला वाटलं की उगीच घाबरलो आपण. गाल गुलाबी, ओठ लाल, ताप उतरलेल्या पोरीसारखी शांत निजलेली. त्या घरात इतकं निरोगी दिसणारं दुसरं कोणी नव्हतं.

“पाय धर,” आर्विड म्हणाला.

मी पाय धरले. ते धरल्याबरोबर मला कळलं. झोपलेल्या माणसाचे पाय असे नसतात. आम्ही तिला ओढत बाहेर ओट्यावर नेली, बर्फावर निजवली, आणि तो तिच्या तोंडात श्वास भरायला लागला. मध्येच थांबून तो तिला हाक मारत होता. लहानपणी तिला उठवायचा ना शाळेसाठी, त्याच आवाजात. “सिग्ने, ऊठ बाळा. उशीर होतोय.” मी नुसती तिथे उभी होते, हातात तिचा एक मोजा घेऊन.

ड्वेन आला, ऑक्सिजन लावला, तिला घेऊन गेले. आम्ही मागून ड्वेनच्या भावाच्या गाडीतून गेलो. वाटेत ठिकठिकाणी झाडं आडवी पडली होती. आर्विडला कोणीतरी अग्निशामकांचे मोठे रबरी बूट दिले होते, ते घालून तो बसला होता. मी सिग्नेचा मोजा मुठीत धरून होते.

इस्पितळात त्यांनी त्याचंही रक्त तपासलं, त्यालाही नळी लावली. सिग्नेचा श्वास चालू होता, पण ती शुद्धीवर येत नव्हती. डॉक्टरबाई तरुण होत्या, सरळ बोलल्या. “श्वास आलाय ही चांगली गोष्ट. पण मेंदूला किती काळ त्रास झाला ते ती बोलेल तेव्हाच समजेल. तिने तुम्हाला ओळखलं, तर आपण जिंकलो.”

“आणि नाही ओळखलं तर?” मी विचारलं.

त्या म्हणाल्या, “वाट बघू.”

आम्ही वाट बघत बसलो. दुपारी ड्वेन आला. टोपी हातात धरून उभा राहिला.

“आर्विडकाका, घर पूर्ण मोकळं केलंय. सगळी दारं-खिडक्या उघड्या आहेत. पण घर पार गारठलंय. तुमची ती टाकी… सेलवरचा पंप चाललाय, पण पाणी गार होत चाललंय. जनरेटर अंगणात काढतो, वर ताडपत्री बांधतो, दारं लावून घेतो. थोड्या वेळाचं काम आहे.”

“नको,” आर्विड म्हणाला.

“अरे, नको काय?” मी म्हणाले. “मासे मरतील की.”

“ते यंत्र त्या घरात पुन्हा सुरू करायचं नाही.”

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. माशांनी काय केलं होतं? जन्मभर मी त्यांना नावं ठेवली आणि तेव्हा त्या नारिंगी म्हातारीसाठी माझाच जीव कासावीस झाला. मी आणखी बोलणार होते, पण आर्विडने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तो निघाला नाही. “आणखी एक,” तो म्हणाला. “घरात त्या वायूचा अलार्म आहे तुमच्या, बोळात, छताला. वाजला नाही तो. जुनाच दिसतो. जुने झाले की बिघडतात ते. मी वर तसंच कळवतो.”

बिचारा ड्वेन. त्याला खोटं बोलायचं असलं की कान लाल होतात, तो शाळेत असल्यापासून मी बघत आलेय.

“बिघडलेला नाही तो,” आर्विड म्हणाला. “उघडून बघितलास ना तू? आत सेल नाही.”

ड्वेनने मान खाली घातली.

“मी काढला. वीज गेली तेव्हा टाकीखालच्या पाण्याच्या अलार्मचा सेल संपत आला होता, टिकटिक करत होता. दोघांना तोच चौकोनी सेल लागतो. दुकानं बंद. म्हटलं, उद्या आणून परत लावू. पाणी सांडलं असतं तर मला कळायला हवं होतं.”

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते. शाळेतल्या शेकडो पोरांना त्याने कधी साधी धुराची झळ लागू दिली नाही. दोन अलार्म आणि एक सेल, आणि त्याचा हात कुठे गेला होता ते मला दिसत होतं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली.

“असंच कळव,” आर्विड म्हणाला. “जसं झालं तसं.”

संध्याकाळ व्हायच्या आत सिग्नेने डोळे उघडले. ऑक्सिजनच्या मुखवट्यामागून तिने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे, आणि बराच वेळ बघतच राहिली. ओळख पटल्याची काहीच खूण नाही. आर्विड खुर्चीतून उठला नाही. मला वाटलं, संपलं.

मग ती मुखवटा सरकवून अगदी हळू म्हणाली, “अलार्म वाजलाच नाही.”

मी घाईने पुढे झाले. “राहू दे ग आत्ता. बोलू नकोस. जुना होता तो…”

“लेम्पी, गप्प बस,” आर्विड म्हणाला. उभ्या आयुष्यात तो माझ्याशी असा बोलला नव्हता. मग तो तिच्याकडे वळला. “त्यातला सेल मी काढला होता, सिग्ने. टाकीला लावला.”

तिने ते ऐकलं. समजलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. त्याने तिच्या चादरीवर ठेवलेला हात काढून घेतला. तिला हाक मारली नाही, माफी मागितली नाही, रडलाही नाही. ते मोठे रबरी बूट घातलेले पाय जवळ घेऊन तो ताठ बसून राहिला. बाहेर काळोख पडायला लागला होता.

पाळी बदलली, नवी परिचारिका आली. तिने बाटली बघितली, नळी बघितली आणि मग आम्हा दोघांकडे वळली.

“आता भेटायची वेळ संपली. फक्त घरच्यांनाच थांबता येईल.” तिने आर्विडकडे पाहिलं. “तुम्ही कोण हिचे?”

त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. साधा प्रश्न होता. मी उत्तर देणार होते, पण मघाशी त्याने मला गप्प केलं होतं, आणि मला तेव्हा वाटलं की हे उत्तर आपलं नाही. परिचारिका थांबून राहिली. तो खाली, जमिनीकडे बघत होता.

“वडील आहेत,” भिंतीकडे तोंड करूनच सिग्ने म्हणाली. “राहू द्या त्यांना.”