आठ आकड्यांचा कृमी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं मांगूर माशांचे कल्ले कापतेय. कल्ल्यांना चिकटलेले चपटे कृमी सुईने सोडवायचे आणि काचपट्टीवर बसवायचे, हे माझं काम. तिळाहून बारीक जीव, पण फार झाले की एवढा मोठा मासा श्वासाला महाग होतो.

गेल्या वर्षी मला एक नवाच कृमी सापडला. शोधनिबंध छापून आला, त्यावर नावं दोनच: सर आणि सरांचा मेहुणा. मेहुण्याने उभ्या जन्मात मासा पाहिला तो ताटात! मी विचारायला गेले, तर सर म्हणाले, "बाई, काचपट्ट्या करणाऱ्यांची नावं घालायला लागलो तर झाडूवालीचंही घालावं लागेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, सोडून दे. सोडते कसली.

यंदा एका काचपट्टीवर माझ्या हातून दोन कृमी एकावर एक बसले. औषधाने त्यांचं मऊ अंग पारदर्शक होतं, दिसतात ते फक्त कल्ल्याला धरून ठेवणारे टोकदार आकडे. प्रत्येकाचे चार, म्हणून तिथे आठ दिसत होते. ती पट्टी मी टाकणारच होते, तेवढ्यात सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"आठ आकडे," ते म्हणाले. "बाई, असा कृमी जगात कुणी पाहिलेला नाही."

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "चित्र काढू का, सर?" एवढंच विचारलं, आणि असं झकास काढलं की निबंध महिन्याभरात छापून आला. नावं तीच दोन.

मग परिषद. पट्ट्यांची पेटी सांभाळायला मलाही नेलं होतं. एका म्हाताऱ्या पाहुण्या तज्ज्ञाने ती पट्टी मागितली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पडद्यावर दाखवली आणि त्याचं चाक हळूहळू फिरवलं. आधी चार आकडे स्पष्ट झाले. ते पुसट झाले, तसे खालचे चार वर आले.

"हे दोन आहेत," तो शांतपणे म्हणाला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृहच हसायला लागलं.

सरांनी मला बाहेर गाठलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत? एकोणीस वर्षं मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला."

"हो ना, सर," मी म्हटलं. "माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही, हे मला माहीत होतं. आज तुम्हालाही कळलं."

या क्षणी तरी मला त्यांची कीव येईल, असं वाटलं होतं. नाही आली. उलट जिवाला अगदी गार वाटलं.